जर्नल भरलं, प्रयोग राहिला! सातारा-सांगलीच्या शाळांतला हरवलेला विज्ञानाचा तास

जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. सुरुवातीला ही कर्जापायी झालेली सामूहिक आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी तपासात वेगळीच गोष्ट मांडली. गुप्तधन काढून देतो असं सांगून मांत्रिकानं या कुटुंबाकडून पैसे घेतले आणि तगादा वाढल्यावर विष देऊन सगळ्यांना संपवलं, असा पोलिसांचा आरोप होता.

या बातमीत सगळ्यांना खटकलेली एक गोष्ट होती. घरातली माणसं अडाणी नव्हती. शिकलेली होती, समाजात मान असलेली होती. गेलेल्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. अशा बाबांना जात नसते, धर्म नसतो. त्यांच्या दारात आपल्या मोहल्ल्यातलीही माणसं उभी असतात, हे आपण सगळे जाणतो. प्रश्न आपल्या शाळांचा आहे. दहावी, बारावी, पदवीपर्यंत विज्ञान शिकूनही 'हे खरं कशावरून? एकदा तपासून बघू' हा साधा प्रश्न ऐन वेळी का सुचत नाही?

याचं एक उत्तर आपल्या मुलांच्या दप्तरातल्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये सापडतं.

निरीक्षण आधी, प्रयोग नंतर (किंवा कधीच नाही)

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञानाचे १०० गुण असतात. त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण शाळाच देते. कागदावर योजना चांगली आहे, मुलानं स्वतःच्या हातानं प्रयोग करावा यासाठीच हे गुण ठेवलेले आहेत.

प्रत्यक्षात काय होतं, ते कोणत्याही मुलाला विचारा. बऱ्याच शाळांत सर टेबलावर एकदा प्रयोग दाखवतात, मुलं लांबून बघतात. काही ठिकाणी तेही होत नाही. फळ्यावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं लिहून दिलं जातं आणि मुलं ते उतरवून घेतात. म्हणजे निरीक्षण न करताच निरीक्षणाचा रकाना भरतो. एखाद्या मुलानं खरंच मोजलं आणि आकडा वेगळा आला, तर तो खोडून हुशार मुलाच्या वहीतला आकडा लिहिला जातो. सही होते, गुण मिळतात.

यातून मूल विज्ञान शिकत नाही, पण एक धडा मात्र पक्का शिकतं : आपल्या डोळ्यांना दिसलं त्यापेक्षा वर बसलेल्यानं सांगितलं ते खरं. हाच धडा पुढे बाबाच्या कामाला येतो, फसव्या गुंतवणूक योजनेच्या एजंटच्या कामाला येतो आणि व्हॉट्सॲपवर अफवा सोडणाऱ्याच्याही कामाला येतो.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचंही तसंच. १९२८ मध्ये याच दिवशी सी. व्ही. रामन यांचा शोध जाहीर झाला, म्हणून हा दिवस साजरा होतो. शाळेत प्रदर्शन भरतं. थर्माकोलचा ज्वालामुखी, रंगवलेली सूर्यमाला, पवनचक्की. निम्मं काम अब्बूंनी केलेलं, निम्मं स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं. मॉडेल वाईट नसतं, पण मॉडेल म्हणजे प्रयोग नव्हे. मॉडेलचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. प्रयोगात ते शोधावं लागतं आणि कधी कधी आपला अंदाज साफ चुकतो.

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणंही योग्य नाही. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यात त्यांचा वेळ जातो. विनाअनुदानित शाळांत, त्यात आपल्या कित्येक उर्दू शाळाही आल्या, प्रयोगशाळेसाठी वेगळी खोली मिळणं अवघड असतं. पण प्रयोगाला खोली लागतेच असं नाही. सांगलीकरांच्या तर स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा आहे.

हळद सांगते त्याची गोष्ट

सांगलीची हळद देशभर जाते. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. या हळदीचा एक गुण प्रत्येक अम्मीला माहीत आहे. पांढऱ्या सदऱ्यावर रश्श्याचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लाल होतो. भरपूर पाण्यानं धुतला की पुन्हा पिवळा दिसतो.

आता हाच अनुभव वर्गात कसा आणायचा ते बघू. चार पेल्यांत हळदीचं पाणी घ्यायचं, सगळ्यांत सारखंच. एकात काहीच घालायचं नाही, दुसऱ्यात लिंबाचा रस, तिसऱ्यात साबणाचं पाणी, चौथ्यात चुन्याची निवळी. घालण्याआधी प्रत्येक मुलानं आपला अंदाज वहीत लिहायचा. मग बघायचं. साबण आणि चुना घातलेलं पाणी लालसर होतं. लिंबाचं पिवळंच राहतं. मग पुढचा प्रश्न : लाल झालेल्या पाण्यात लिंबू पिळलं तर? मिठाचं पाणी घातलं तर? खायच्या सोड्याचं? मुलं स्वतःच विचारू लागतात.

एवढ्याशा खेळात वैज्ञानिक पद्धतीची सगळी अंगं येतात. प्रश्न विचारणं, अंदाज बांधणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, तुलनेसाठी एक पेला तसाच ठेवणं, दिसलं तेच लिहिणं आणि दुसऱ्या गटालाही तेच दिसतं का ते बघणं. त्या न बदललेल्या पेल्याला फार महत्त्व आहे. 'औषध घेतलं आणि ताप उतरला' असं कुणी म्हणालं, तर 'न घेता उतरला नसता का?' हा प्रश्न त्या पेल्यातून येतो.

आणि इथेच गंमत आहे. हळदीच्या पाण्यात गुपचूप चुना पडला की पाणी लाल होतं आणि भोंदूबाबा सांगतो, 'बघा, करणीचं रक्त निघालं!' सुरीला जास्वंदीचं फूल चोळून लिंबू कापलं की लिंबातूनही 'रक्त' येतं. सहावीत ज्या मुलीनं हे स्वतःच्या हातानं केलं आहे, तिच्यासमोर हा बाबा टिकणार नाही. तिला भाषण द्यायची गरज पडणार नाही. ती फक्त म्हणेल, 'पाणी मी आणते, सुरी आमच्या घरची घ्या.'

अंदाज चुकला पाहिजे

चांगल्या प्रयोगाची एक ओळख म्हणजे त्यात मुलांचा अंदाज चुकतो. दोऱ्याला दगड बांधून झोका करा आणि विचारा : जड दगड लवकर झोके घेईल की हलका? बहुतेक मुलं, आणि मोठी माणसंही, 'जड' म्हणतात. आता मोबाइलच्या घड्याळावर दहा झोक्यांना लागणारा वेळ मोजा. दगड बदलला तरी वेळ जवळपास तोच येतो. दोरा बदलला की मात्र वेळ बदलतो. एक मीटर लांबीच्या झोक्याला जाऊन-येऊन साधारण दोन सेकंद लागतात. दोरा पाव मीटर केला की साधारण एक सेकंद.

खर्च किती? एक दोरा, दोन दगड. शिकायला काय मिळालं? सगळ्या वर्गाला एकमतानं वाटलेली गोष्ट चुकीची असू शकते, बहुमतानं खरं-खोटं ठरत नाही आणि चूक निघाली म्हणून कुणाची इज्जत जात नाही. हे तिसरं सगळ्यात मोलाचं. आपल्या घरांत मूल चुकलं की आपण रागावतो, शाळेत गुण जातात. मग मूल चूक लपवायला शिकतं. प्रयोगात चूक उघडपणे लिहावी लागते, तिथूनच पुढचा रस्ता सापडतो.

मिरजेच्या तारेवरचं विज्ञान

हे सगळं पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांचं काम आहे, आपल्या भागाचं नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मिरजेकडे बघावं. सतारी आणि तंबोरे बनवणारी मिरजेतली मुस्लिम कारागीर घराणी पिढ्यानपिढ्या लाकूड, भोपळा आणि तार यांच्यावर प्रयोग करत आली आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तार अर्धी केली की सूर बरोबर वरच्या सप्तकातला येतो, दोन तृतीयांश ठेवली की पंचम लागतो. फळीवर ताणलेली एक तार, सरकणारी घोडी आणि मोजपट्टी यावर सातवीचं मूल हे स्वतः शोधू शकतं.

आणि हे शोधलंही गेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या संगीतातल्या बावीस श्रुती नेमक्या किती कंपनांच्या, हे मोजून काढायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्या या कामात गळा होता किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा, जे पुढे मिरजेचेच झाले. देवलांचं श्रुतींवरचं पुस्तक १९१० मध्ये आलं. त्यांच्या निष्कर्षांवर संगीताच्या अभ्यासकांत पुढे खूप वाद झाले. झालेच पाहिजेत, विज्ञानात तेच होतं. पण एक हिंदू अधिकारी आणि एक मुस्लिम उस्ताद 'ग्रंथात असं लिहिलंय' एवढ्यावर न थांबता सूर मोजायला बसले, ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे. आपल्या किती शाळांत ती सांगितली जाते?

दीनचं काय?

सातारा-सांगलीत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विषय निघाला की डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचं नाव येतंच. ते मूळचे साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम उभं केलं. चमत्कारांमागचं विज्ञान हातानं करून दाखवायचं, ही समितीच्या कार्यकर्त्यांची पद्धत. शाळांसाठीही त्यांनी उपक्रम चालवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून गंडेदोरे करणं या कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. उसाच्या फडात राबणाऱ्यांसाठी हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे काही जणांना धास्ती वाटते की मुलं असे प्रश्न विचारू लागली तर ईमानावरही विचारतील. या धास्तीला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहिम यांचं निधन झालं, त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, या दुःखामुळेच सूर्य झाकोळला. त्या क्षणी गप्प राहणं सोपं होतं. पण प्रेषितांनी लोकांचा समज दुरुस्त केला. सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हा प्रत्येक प्रयोगाचा पहिला नियम आहे.

बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मलेले इब्न अल-हैथम यांचं उदाहरणही मुलांना सांगण्यासारखं आहे. डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसतं, असं मोठमोठे विद्वान मानत होते. इब्न अल-हैथम यांनी प्रकाशावर पद्धतशीर प्रयोग केले आणि वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशामुळे डोळ्याला दिसतं, हे 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलं. टॉलेमीसारख्या थोर विद्वानाच्या लिखाणावरच्या शंकांचं त्यांनी वेगळं पुस्तकच लिहिलं. आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो, पोस्टर लावतो. पण मुलाच्या हातात काळा कागद आणि टाचणी देऊन, अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून बाहेरचं झाड भिंतीवर उलटं कसं दिसतं, हे दाखवत नाही. नुसत्या अभिमानानं पोट भरत नाही.

अफवेच्या काळात

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं बेदम मारलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव चालून आला, मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. एका ठिकाणी साधू, दुसऱ्या ठिकाणी मुस्लिम तरुण. माणसं वेगळी, पण दोन्हीकडे कुणी थांबून तपासलं नाही.

शाळेत हळदीचा प्रयोग केला असता तर पुसेसावळी घडलं नसतं, असा दावा कुणी करू नये. द्वेष पेरणाऱ्यांना सत्याशी देणंघेणं नसतं, तिथे पोलीस आणि कायदाच लागतो. पण पेरणारे मोजके असतात आणि त्यांच्या मागे धावणारे पुष्कळ. त्या पुष्कळांतल्या काहींनी जरी 'ही पोस्ट कुणी टाकली? अकाउंट खरं आहे का? आपल्यातल्या कुणी स्वतः बघितलंय?' असं विचारलं, तरी पाय थबकतात. हीच सवय आपल्या मुलांनाही लागली पाहिजे, कारण आपल्या ग्रुपवरही पडताळणी न केलेले व्हिडिओ फिरतात. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहेच. तिची तालीम सहावीच्या बाकावर सुरू होऊ शकते.

बदल कुठून होईल?

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं नवा अभ्यासक्रम येत आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये करून शिकण्यावर भर आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या विज्ञानाच्या पुस्तकाचं नावच कुतूहल या अर्थाचं आहे. हे स्वागतार्ह आहे. पण नुसतं पुस्तक बदलून भागत नाही, हे शेजारच्या मध्य प्रदेशानं दाखवलं आहे.

तिथे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत गेला. त्याचं बळ साहित्याच्या पेटीत होतं, शिक्षकांच्या प्रशिक्षणात होतं आणि सगळ्यात जास्त परीक्षेत होतं. मुलांना पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देता यायची आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा लागायचा. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. पण तिथून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी बाटली अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतही आहेत.

होशंगाबादचा धडा सरळ आहे : परीक्षेत विचाराल तेच शाळेत होईल. दहावीचे २० गुण जोवर न केलेल्या प्रयोगांच्या जर्नलवर मिळत राहतील, तोवर कितीही नवी पुस्तकं आली तरी वर्गात फळ्यावरूनच निरीक्षणं उतरवली जातील. म्हणून मंडळानं हे गुण एखादा साधा, न सांगितलेला प्रयोग समोर करून दाखवण्यावर द्यावेत, अशी मागणी पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी करायला हवी.

तोवर आपल्या हातातलं करू. पालकसभेत 'टक्के किती?' यासोबत 'या महिन्यात माझ्या मुलीनं स्वतःच्या हातानं किती प्रयोग केले?' हे विचारू. जर्नलमधला चुकलेला आकडा खोडू नका, असं शिक्षकांना नम्रपणे सांगू. शाळेकडे साहित्य नसेल तर मोहल्ल्यातल्या चार घरांनी मिळून दोरा, आरसे, भिंगं, चुंबक, लिटमस यांची एक पेटी द्यावी. जमातीच्या हॉलमध्ये, मदरशाच्या सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून एक तास मुलांसाठी ठेवता येईल. आपल्या भागातले बीएस्सी झालेले तरुण-तरुणी तो आनंदानं घेतील. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या निवडक विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. नाव शाळेला पाठवावं लागतं. आपल्या शाळेनं यंदा कुणाचं पाठवलं, हे मुख्याध्यापकांना विचारता येतं.

तयारीसाठी एक तारीखही हाताशी आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी मोठं सूर्यग्रहण आहे. मक्का शरीफमध्ये ते खग्रास असेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल. पावसाळ्याचे दिवस, ढगांनी साथ दिली तर साताऱ्यातल्या, कऱ्हाडातल्या, मिरजेतल्या मशिदींत त्या दिवशी ग्रहणाची नमाज होईल. त्याच अंगणात मुलांनी टाचणीनं छिद्र पाडलेला पुठ्ठा धरून खाली कागदावर सूर्याची कोर उतरवावी. सूर्याकडे थेट कुणीही बघू नये, हे आधी नीट समजावून सांगावं. कोर केव्हा दिसू लागली, केव्हा सर्वात बारीक झाली, केव्हा संपली, याच्या वेळा मुलांनी आपल्या हातानं लिहाव्यात. आणि त्या वेळा फळ्यावरून उतरवलेल्या नसाव्यात.